किनाऱ्यावरचा काळोख

दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात आमच्या गावच्या पुळणीला लागून, सुरूच्या बनाच्या तोंडाशी, एक हायमास्ट दिवा उभा राहिला. नारळ वाढवला गेला, पेढे वाटले गेले, आणि त्या पांढऱ्या उजेडात पोरं रात्री अकरापर्यंत क्रिकेट खेळली. त्यांचा आनंद खरा होता, तो मला नाकारायचा नाही. पण त्याच आठवड्यात अमावास्या होती. दरवर्षीसारखा मी द्विनेत्री दुर्बीण गळ्यात अडकवून पुळणीवर गेलो, शर्मिष्ठा तारकासमूह शोधला, भाद्रपदांचा चौकोन शोधला, त्यांच्या मधल्या ठरलेल्या जागी नजर लावली, आणि देवयानी दीर्घिका (इंग्रजीत अँड्रोमेडा) दिसली नाही. नुसत्या डोळ्यांना तर नाहीच. द्विनेत्रीतून एक फिकट डाग लागला, तोही आहे की नाही अशी शंका यावी असा.

मी शाळेत विज्ञान शिकवलं. याच जागेवर उभं करून दर हिवाळ्यात मुलांना देवयानी दाखवली. चंद्राचे खड्डे, शनीची कडी यांचं त्यांना अप्रूप असायचंच, पण ज्या क्षणी सांगावं की हा जो पुसट कापसासारखा ठिपका आहे, त्याचा प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय आणि आत्ता तुझ्या डोळ्यात शिरतोय, त्या क्षणी बडबडं पोरही गप्प व्हायचं. दिवा लागल्यापासून ते घडत नाही. म्हणून हा लेख.

कोकणात आपण देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने सोडलेलं रान, राखली. कुणी कायदा केला नव्हता तेव्हाही तिथली फांदी तोडायची नाही, पडलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही, हा गावाचा नियम होता. त्यामुळेच आज तिथं झरा आहे, गारंबी आहे, धनेश आहे. माझं म्हणणं असं आहे की किनाऱ्यावरचा काळोखही तसाच गावाच्या मालकीचा आहे. तो राखायला हवा, आणि त्यासाठी ग्रामसभेपासून राज्यापर्यंत नियम व्हायला हवेत. हे मी हौशी आकाशनिरीक्षकाच्या हट्टापोटी म्हणत नाही. विश्वाविषयी माणसाला पडलेला आजचा सर्वांत मोठा प्रश्न ज्या ठिपक्यापाशी ठसठशीत झाला, तो ठिपका आपल्या पुळणीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसतो, किंवा दिसत असे, म्हणून म्हणतो.

तो प्रश्न कृष्णद्रव्याचा, म्हणजे दिसत नाही पण ओढ लावतं अशा द्रव्याचा. सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने फिरतो, तर सर्वांत लांबचा नेपच्यून जेमतेम साडेपाच किलोमीटरने. मध्यभागी वजन, म्हणून जवळचा पळतो आणि लांबचा रेंगाळतो. दीर्घिकेतही, म्हणजे देवयानीसारख्या अब्जावधी ताऱ्यांच्या समूहातही, तसंच असायला हवं, कारण तिचा उजेड मध्यभागी दाटलेला दिसतो. अमेरिकेतल्या व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानीतल्या तेजस्वी वायुमेघांचा प्रकाश वर्णपटात फोडून त्यांचे वेग मोजले आणि १९७० मध्ये ते प्रसिद्ध केले. कडेचे मेघ रेंगाळत नव्हते. मध्यापासून कितीही लांब गेलं तरी वेग जवळजवळ तेवढाच राहत होता. पुढची काही वर्षं रुबिन यांनी एकेक करून इतर दीर्घिका मोजल्या, आणि तिथंही तेच निघालं. इतक्या वेगाने फिरणारे तारे दिसणाऱ्या वस्तुमानाच्या ओढीने धरून ठेवता येत नाहीत, ते केव्हाच उधळून जायला हवे होते. याचा अर्थ धरून ठेवणारं आणखी काहीतरी तिथं आहे, भरपूर आहे, आणि त्याचा उजेड आपल्यापर्यंत येत नाही.

फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्येच अरुंधती केश तारकासमूहातल्या दीर्घिकांच्या पुंजक्याबद्दल असंच म्हटलं होतं. त्यांचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. रुबिनबाईंच्या मोजमापानंतर मात्र तोंड फिरवणं शक्य राहिलं नाही.

खोल गणित न येणाऱ्या आपल्या माणसाला हे समजत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी कुठल्याही बंदरावर जाऊन विचारावं. उधाण केव्हा येतं? पुनवेला आणि अवसेला. पुनवेला चंद्र डोळ्यांसमोर असतो. अवसेला चंद्र दिसत नाही, तरी पाणी बांधाला लागतं. दिसत नाही म्हणून चंद्र नाही, असं एकही मच्छीमार म्हणणार नाही, कारण पाण्याची ओढ त्याने अंगावर घेतलेली आहे. भांगाच्या दिवसांत पाणी का थोडं, उधाणाच्या दिवसांत होडी कुठवर ओढून ठेवायची, हे त्याचं रोजचं शास्त्र आहे. कृष्णद्रव्याचा विचार नेमका इथूनच सुरू होतो. एक फरक मात्र मोठा आहे. अवसेनंतर दोन दिवसांत चंद्राची कोर दिसते. कृष्णद्रव्याची कोर अजून कुणाला दिसलेली नाही.

त्याचा पसारा पाहिला की माणूस चक्रावतो. विश्वात जे काही आहे त्यातलं आपल्या ओळखीचं द्रव्य, म्हणजे तारे, ग्रह, समुद्र, आंब्याची कलमं, आपली शरीरं, हे सगळं मिळून सुमारे पाच टक्के. कृष्णद्रव्य सुमारे सत्तावीस टक्के. उरलेली कृष्ण ऊर्जा, जी याहूनही अनोळखी. आणि हे कृष्णद्रव्य कुठं लांब आहे असंही नाही. आपली आकाशगंगा कशी फिरते त्यावरून शास्त्रज्ञांनी सूर्याच्या आसपासची त्याची घनता काढली आहे. त्या हिशेबाने कुठल्याही क्षणी अख्ख्या पृथ्वीच्या आकारमानात मिळून कृष्णद्रव्य किती, तर अर्धा ते पाऊण किलो. एका असोल्या नारळाचं वजन याहून जास्त भरेल. इतकं विरळ असलेलं द्रव्य दीर्घिकेला धरून ठेवतं, कारण दीर्घिकेत मोकळी जागा अफाट आहे आणि ते सगळीकडे पसरलेलं आहे. ते आपल्या घरांतून, भिंतींतून, आपल्यातून जातं, आणि काहीच घडत नाही.

ते पकडण्यासाठी माणसं जमिनीखाली गेली आहेत. अमेरिकेत साउथ डाकोटामधल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोलवर, दहा टन द्रवरूप झेनॉन भरलेली टाकी एखाद्या कणाची धडक बसण्याची वाट पाहत आहे. आपल्याकडे झारखंडमधल्या जादुगुडाच्या युरेनियम खाणीत, सुमारे साडेपाचशे मीटर खोल, २०१७ मध्ये अशी एक प्रयोगशाळा सुरू झाली. आजवर कुठंही ठाम हाती लागलेलं नाही.

इथवर सांगितलं की वर्गातला एक तरी मुलगा विचारायचाच, “सर, आपण तिथं जाऊनच बघितलं तर? प्रकाशाच्या वेगाने?” प्रश्न चांगला आहे. त्याला फसवं उत्तर देऊ नये. हल्ली मोबाइलवर जे विज्ञान पोरांपर्यंत पोचतं त्यात असा प्रवास उद्या-परवावर आल्यासारखा दाखवतात, आणि तिथं मुलांची फसवणूक होते असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून मी फळ्यावर हिशेब मांडायचो.

सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरने धावतं आहे. ते त्या ताऱ्याच्या दिशेने निघालं असतं तर सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागली असती. पार्कर यान डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याजवळून जाताना सेकंदाला १९० किलोमीटरच्या पुढे गेलं. माणसाने घडवलेली ही सर्वांत वेगवान वस्तू. प्रकाशाचा वेग आहे सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर. म्हणजे आपण हजारात एक भागसुद्धा गाठलेला नाही, आणि जो गाठला तो सूर्याच्या ओढीवर.

आता समजा प्रकाशाच्या ९९ टक्के वेग मिळाला. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेप्रमाणे प्रवाशाचं घड्याळ आपल्या हिशेबाने सातपट मंद चालेल. पृथ्वीवर सव्वाचार वर्षं उलटतील, पण प्रवासी जेमतेम सात महिन्यांनी मोठा होईल. हे ऐकून मुलांचे डोळे चमकतात, आणि चमकायलाच हवेत, कारण हे खरं आहे. पण या वेगाची किंमत सांगितल्याशिवाय हा धडा पुरा होत नाही. एक किलो वजन या वेगाला न्यायचं तर दीडशे अब्ज युनिटच्या वर ऊर्जा लागते. भारतात महिनाभरात जेवढी वीज तयार होते, साधारण तेवढी. तीही एक कणभर वाया न जाता. साठ किलोच्या माणसाला देशाची पाच वर्षांची वीज. यात यान धरलेलं नाही, इंधन धरलेलं नाही, अन्नपाणी धरलेलं नाही. आणि पोचल्यावर थांबायचं असेल तर पुन्हा तेवढीच. वाटेत एक मिलिग्रॅमचा धुळीचा कण आडवा आला तर त्याची धडक सव्वाशे टन स्फोटकांसारखी.

देवयानीचं काय? याच वेगाने निघालेल्या प्रवाशाच्या स्वतःच्या घड्याळातसुद्धा तिथं पोचेपर्यंत साडेतीन लाख वर्षं जातील. शेतीचा शोध लागून बारा हजार वर्षंही झालेली नाहीत.

हे सांगून मुलांचा हिरमोड करायचा नसतो. उलट त्यांना सांगावं की असा प्रवास करणारे आत्ता, या क्षणी, तुमच्या हातातून जात आहेत. अंतराळातून येणारे वेगवान कण वातावरणाच्या वरच्या थरावर आदळतात आणि त्यातून म्यूऑन नावाचे कण निघतात. त्यांचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पट, किंचित जास्त. एवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगाने पळूनही साडेसहाशे मीटरच कापता येतील. पण ते निघतात पंधराएक किलोमीटर उंचीवर, आणि पुळणीपर्यंत पोचतात, कारण वेगामुळे त्यांचं घड्याळ मंदावलेलं असतं. अशा कणांवरून आइन्स्टाइनचं म्हणणं थेट तपासता येईल हे १९३८ मध्ये लिहिलं होमी भाभांनी. तीन वर्षांत ब्रूनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी ते मोजून दाखवलं. पसरलेल्या पंजातून मिनिटाला शंभराच्या आसपास असे प्रवासी जातात. हा हात पुढे करा म्हटलं की मागच्या बाकावरचाही हात पुढे करतो.

तर आपण जाऊ शकत नाही. पण तिकडून प्रकाश निघतो, लाखो वर्षं चालतो, आणि वेतोबाच्या आरवलीत किंवा हर्णैच्या बंदरावर सारख्याच हक्काने उतरतो. रुबिनबाई देवयानीत गेल्या नव्हत्या. विश्वाबद्दल माणसाला आज जे काही माहीत आहे त्यातला फार मोठा भाग असा बसल्या जागी आलेल्या प्रकाशातून कळलेला आहे. त्या प्रकाशाला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे उतरायला काळोख.

आणि याची सर्वांत चांगली साक्ष कोकणातच आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथं हेलियम दिन साजरा होतो. १८६८ साली याच दिवशी खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी या ओट्यांवरून हेलियम शोधला, असं पर्यटकांना सांगितलं जातं. मला विजयदुर्गाचा अभिमान आहे, म्हणूनच हे दुरुस्त व्हावं असं वाटतं. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन ग्रहण पाहायला आंध्रातल्या गुंटूरला होते. लॉकियर इंग्लंडमध्ये होते, आणि ज्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियम ओळखला गेला, ती सूर्याच्या कडेच्या प्रकाशाच्या वर्णपटातली रेषा त्यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय, तिथूनच पाहिली. ती रेषा सोडियमची नाही, ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची नाही, हे धाडसाने म्हणणारे ते. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. मेलपोमिनी या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. तीन वर्षं आधी, १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झी यांनी हेलियम पृथ्वीवरच्या एका खनिजातून काढून दाखवला होता. सत्तावीस वर्षं जो पदार्थ फक्त प्रकाशाच्या एका रेषेत होता, तो बाटलीत आला.

म्हणजे विजयदुर्गचा खरा इतिहास सांगितला तर किल्ल्याचं मोल उणावत नाही. साहेब इंग्लंडहून समुद्र ओलांडून आला, किल्ल्यावर यंत्रं मांडली, युद्धनौका दिमतीला घेतली, आणि हे सगळं कशासाठी, तर भर दुपारी मिळणाऱ्या सुमारे दोन मिनिटांच्या काळोखासाठी. आपल्याला तो रोज रात्री दहा-अकरा तास फुकट मिळतो.

त्या काळोखात काय पाहिलं जात होतं हेही लक्षात घ्यावं. सूर्याभोवतीच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा १८६९ च्या ग्रहणात सापडली होती. तीही कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याची नव्हती. हेलियमचा अनुभव ताजा होता, म्हणून याही रेषेला एक नवं मूलद्रव्य चिकटवलं गेलं, कोरोनियम. विजयदुर्गावर प्रभामंडळाच्या प्रकाशाची छायाचित्रं घेतली गेली तेव्हा अनेक जाणते लोक कोरोनियम मानत होते. ते अस्तित्वातच नव्हतं. १९४० च्या सुमारास वाल्टर ग्रोट्रियन आणि बेंग्ट एडलेन यांच्या कामातून कळलं की ती रेषा लोखंडाची आहे. आपल्या खिळ्यातल्या, कोयत्यातल्या लोखंडाची. फक्त दहा लाख अंशांच्या पुढच्या उष्णतेत त्यातले तेरा इलेक्ट्रॉन निघून गेलेले.

एकाच सूर्याच्या प्रकाशातल्या दोन अनोळखी रेषा. एकीमागे खरंच नवा पदार्थ निघाला, दुसरीमागे जुन्याच पदार्थाची न पाहिलेली अवस्था. कृष्णद्रव्य या दोहोंपैकी काय ठरेल? बहुतेक शास्त्रज्ञ त्याला हेलियमच्या बाजूला ठेवतात. दीर्घिकांच्या पुंजक्यांमागून येणारा प्रकाश ज्या तऱ्हेने वाकतो, त्यावरून मला स्वतःलाही तेच पटतं. पण मॉर्डेहाय मिलग्रॉम यांनी १९८३ मध्ये मांडलं की नवं द्रव्य मानू नका, फार क्षीण ओढीच्या ठिकाणी गुरुत्वाकर्षणाचा नियमच वेगळा आहे का ते पाहा. ही वाट अल्पमतात आहे, तरी बंद झालेली नाही. जयंत नारळीकरांनी आयुष्यभर महास्फोटाच्या रूढ मांडणीशी वाद घातला आणि तो मराठीत, सभागृहात, शाळकरी मुलांपुढेही घातला. ते मे २०२५ मध्ये गेले. त्यांची मतं बहुसंख्यांनी स्वीकारली नाहीत. पण न पटलेलं कसं मांडावं, आणि निवाडा शेवटी निरीक्षणावर कसा सोडावा, हे मराठी माणसाला त्यांनी शिकवलं. मला वाटतं विजयदुर्गावर हेलियमच्या शेजारी कोरोनियमचीही पाटी लावावी. चुकलेल्या तर्काची पाटी लावणारा किल्ला देशात दुसरा नसेल.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने घेतला. तो म्हणाला, “सर, शोध लागणार चिलीत. कोकणात चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने हवेत दमटपणा. इथं कोण वेधशाळा बांधणार?” त्याचं खरं आहे. व्हेरा रुबिन यांच्या नावाची वेधशाळा चिलीतल्या कोरड्या डोंगरावर आहे. तिच्या ३२०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची पहिली छायाचित्रं जून २०२५ मध्ये जगाने पाहिली, आणि दहा वर्षं ती दक्षिणेकडचं आकाश पुन्हा पुन्हा टिपून कृष्णद्रव्याचा माग काढणार आहे. कोकणात तसं काही होणार नाही, आणि मी मागतही नाही. पण त्या वेधशाळांचा, जादुगुडाच्या खाणीचा, पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या तीस रेडिओ दुर्बिणींचा खर्च कुणाच्या तरी करातून होतो. ज्या लोकांनी आयुष्यात आकाशगंगा पाहिलीच नाही त्यांनी हा खर्च कशासाठी सोसावा? एका जागतिक पाहणीने २०१६ मध्ये दाखवलं की माणसांपैकी तिसरा हिस्सा आपल्या घरून आकाशगंगा पाहू शकत नाही. ज्यांना ती अजून दिसते त्या आपल्या गावांनी ती स्वतःहून पुसून टाकावी, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून आले, हे किनाऱ्यावरचं कुणीही विसरलेलं नाही. रात्री उशिरा कामावरून, क्लासवरून परतणाऱ्या मुलींना उजेड हवा. पाणंदीत फुरसं असतं, बिबट्याही उतरतो. उजेड हवाच. माझा वाद उजेडाशी नाही, तो कुठं पडतो याच्याशी आहे. आमच्या हायमास्टचा उजेड पाण्यावर पडतो, ढगांवर पडतो, समोरच्या घरांच्या माडीत शिरतो. ज्या पाणंदीत फुरसं निघतं ती मात्र बनाच्या सावलीत तशीच काळी आहे. आणि अशा दिव्याखाली उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला उजेडाच्या वर्तुळापलीकडचं काही दिसत नाही, कारण काळोखाला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि दिवा ती संधीच देत नाही. खाडीच्या तोंडाशी होडी आणणाऱ्या तांडेलालाही किनाऱ्यावरची ही झगमग दीपगृहाच्या मुळावर आल्यासारखी वाटते.

समुद्रातल्या उजेडाचं तर सगळं किनाऱ्याला ठाऊक आहे. एलईडी दिव्यांवर मासळी गोळा करून उपसायची पद्धत केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद केली, कारण त्या दिव्यांखाली लहानमोठं सगळंच ओढलं जातं आणि रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, आणि छोट्या होड्यांवर जगणाऱ्यांच्या वाट्याला काही उरत नाही. बंदी असूनही रात्री क्षितिजावर ते दिवे दिसतात. उजेड चुकीच्या जागी गेला की कुणाच्या तरी ताटातलं जातं, हे आमच्या पारंपरिक मच्छीमाराला सांगावं लागत नाही.

कासवांचंही तसंच. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि पुढे आंजर्ले, गुहागर अशी किती तरी गावं त्यात आली. जी माणसं अंडी उकरून खात किंवा विकत, तीच रात्रपाळीने ती राखू लागली. वाळूतून निघालेलं पिल्लू समुद्राकडे जातं ते बहुतेक उजेडाच्या खुणेने. काळोख्या जमिनीपेक्षा पाण्यावरचं क्षितिज उजळ असतं, ही त्याची लाखो वर्षांची खूणगाठ. मागे रिसॉर्टचा दिवा असेल तर ते जमिनीकडे चालत जातं आणि मरतं. ताऱ्यांसाठी गाव दिवा बदलेल का, मला खात्री नाही. कासवांसाठी कोकणातली गावं बदलली आहेत, हे मात्र मी पाहिलेलं आहे.

पर्यटनाचं म्हणाल, तर आपल्याच राज्यात पेंचच्या जंगलाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं आंतरराष्ट्रीय मान्यतेचं काळोखी आकाश उद्यान म्हणून मान मिळाला. त्यासाठी शेजारच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले गेले. लडाखमध्ये हान्ले इथं गावकऱ्यांनाच दुर्बिणी देऊन आकाश दाखवायला शिकवलं, आणि त्यांच्या घरी आता पाहुणे उतरतात. मुंबई-पुण्याहून येणाऱ्याला झगझगीत किनारा त्याच्या शहरातही मिळतो. आपल्याकडे त्याला आकाशगंगा दाखवता येईल, आणि थंडीतल्या काळोख्या रात्री लाटांना येणारी निळी चमकही.

करायचं ते अवघड नाही. दिव्याला वरून आणि समुद्राच्या बाजूने झाकण, म्हणजे उजेड खाली रस्त्यावरच पडेल. पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा, कारण निळसर पांढरा उजेड हवेत जास्त पसरतो. पुळणीकडचे दिवे रात्री दहानंतर बंद, किंवा माणूस आला की लागणारे. दीपगृह, जेटी, दवाखाना, पोलीस चौकी यांना सूट. किनाऱ्यावर हॉटेलाला परवानगी देताना दिव्यांची अट त्याच कागदावर. चिलीने वेधशाळांच्या प्रांतांसाठी १९९८ मध्येच असे नियम केले. राज्य सरकारने किनारपट्टीच्या जिल्ह्यांसाठी ते करावेत, पण गावाने सरकारची वाट बघत बसू नये. झाकणाचा पत्रा गावातला फॅब्रिकेशनवाला कापून देतो, आणि विजेचं बिलही उतरतं, जे भरताना प्रत्येक ग्रामपंचायतीच्या नाकीनऊ येतात.

आमच्या गावात मी हे लेखी मांडलं आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी अर्ज दिलाय. हायमास्ट काढा असं त्यात लिहिलेलं नाही. त्याची समुद्राकडची दोन तोंडं बंद करा, उरलेल्यांना झाकण घाला, आणि पाणंदीत तीन छोटे दिवे नव्याने लावा, एवढंच. पोरांचं क्रिकेट दहापर्यंत चालेल, त्यांच्याशी बोललोय. एकतीस सह्या झाल्या आहेत. त्यांतल्या नऊ रापणकरांच्या, चार त्या क्रिकेटवाल्या पोरांच्या. मागच्या अवसेला वायरमनने अर्धा तास बटण बंद ठेवलं, तेव्हा ती चौघं माझ्या शेजारी पुळणीवर पडून होती, आणि देवयानी त्यांच्यापैकी एकाने माझ्याआधी शोधली.